सकाळी जाऊन रात्री परत: विमानाने एका दिवसाचं हैदराबाद

"उद्या हैदराबादला चाललोय, रात्री परत" असं सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "ऑफिसचं काम?" नाही हो. चहा प्यायला, किल्ला चढायला आणि एक जुनं घड्याळ बघायला. मग तो आपल्याकडे जरा काळजीने बघतो. विमानाने जायचं म्हणजे निदान दोन रात्री राहायचं, हा हिशेब डोक्यात पक्का बसलेला असतो. पण मुक्काम काढून टाकला की हॉटेलचा खर्च जातो, बॅग जाते, रजाही एकच लागते, आणि सहल अचानक खिशाला झेपायला लागते.

हा लेख ज्यांनी असं कधी केलेलं नाही त्यांच्यासाठी आहे. यात मी मुंबईहून निघालोय. पुणेकरांनी लोहगाव समजून वाचलं तरी चालेल.

हैदराबादच का? रस्त्याने सातशे किलोमीटरच्या आसपास अंतर, रेल्वेने अख्खी रात्र, आणि हवेत मात्र जेमतेम सव्वा तास. विमानाचा फायदा खरा दिसतो तो अशा ठिकाणी. अहमदाबादला वंदे भारत साडेपाच तासांत पोचवते, तिथे विमानाने फार काही वाचत नाही. गोव्याला सकाळी जाऊन रात्री परत येणं हा गोव्यावर अन्याय आहे. हैदराबादच्या जुन्या शहरात मात्र बघण्यासारखं बरंच काही एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहे. एका दिवसाला असंच शहर लागतं.

आधी परतीचं तिकीट

नवखा माणूस जाण्याचं स्वस्त तिकीट बघतो, ते पटकन काढतो आणि मग परतीचं शोधत बसतो. उलट करा. परतीचं विमान किती वाजता मिळतंय त्यावर तुमचा दिवस ठरतो. रात्री नऊ-साडेनऊच्या सुमाराचं विमान उत्तम. त्या दिवशीचं अगदी शेवटचं विमान मात्र टाळा, त्याच्या आधीचं घ्या. आधीचं रद्द झालं तर मागे एक शिल्लक असतं. शेवटचं रद्द झालं तर मागे फक्त विमानतळावरच्या खुर्च्या. माझी एक अख्खी रात्र अशा खुर्चीत गेली आहे. हाताला आडव्या लोखंडी पट्ट्या असतात, त्यामुळे आडवंही होता येत नाही.

जाण्याचं विमान सकाळी सहाच्या आसपासचं घ्या. पहिल्या फेरीची विमानं सहसा वेळेवर सुटतात, कारण आधीच्या फेरीचा उशीर त्यांच्या वाट्याला येत नाही. दुपारपर्यंत तोच उशीर साठत जातो.

जाणं-येणं एकाच कंपनीने केलं पाहिजे असं काही नाही. देशातल्या प्रवासात दोन एकेरी तिकिटं आणि एक जोडतिकीट यांच्या भाड्यात बहुतेक वेळा फरक नसतो, तेव्हा सकाळी एकाचं आणि रात्री दुसऱ्याचं बिनधास्त घ्या. तुलना करायला एखादं संकेतस्थळ वापरा, पण तिकीट शक्यतो कंपनीच्या स्वतःच्या अ‍ॅपवरून काढा. काही बिनसलं तर मधला दलाल नसलेला बरा. मंगळवार-बुधवार स्वस्त, शुक्रवार संध्याकाळ आणि रविवार रात्र महाग, हे सर्वसाधारण गणित. शनिवारी जाऊन शनिवारीच परत येणं बरेचदा परवडतं, कारण शनिवारी रात्री परतणारे कमी. दोन-तीन आठवडे आधी बघायला लागा. माझी स्वतःची मर्यादा दोन्ही बाजू मिळून सहा हजार. त्याच्या वर गेलं की मी बेत पुढे ढकलतो. हैदराबाद कुठे पळून जात नाही.

तिकीट काढताना अ‍ॅप तुम्हाला जागा, जेवण, विमा, लवकर बॅग असलं काय काय विकायला बघतं. सगळ्याला नाही म्हणा. वेब चेक-इनच्या वेळी फुकटची जी जागा मिळेल तिथे सव्वा तास बसायला काय जातं? खिडकीसाठी पैसे मोजायचेच असतील तर पावसाळा सरता सरता मोजा. हिरवा सह्याद्री वरून बघायला मिळाला तर ते पैसे वसूल.

शुक्रवार नको

हे मी ठोकर खाऊन शिकलो. पहिल्या खेपेला स्वस्त तिकीट दिसलं म्हणून शुक्रवारी गेलो. रिक्षावाल्याला म्हटलं, सालारजंग चला. तो आरशातून बघत म्हणाला, "आज तो जुम्मा है साब, म्यूजियम बंद." बरं, मग चौमहल्ला पॅलेस? "वो भी बंद." मग काय चालू आहे? "बिर्यानी चालू है." सालारजंग संग्रहालय आणि चौमहल्ला दोन्ही शुक्रवारी बंद असतात, हे शोधायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. एका दिवसाच्या सहलीत चुकीचा वार म्हणजे अख्खी सहल चुकली.

हवामान बघाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी छान. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशी गाठतो, तेव्हा किल्ल्याच्या पायऱ्या चढणं म्हणजे शिक्षा. रमजानमध्ये जुन्या शहरात दिवसा बरीच हॉटेलं बंद किंवा अर्धवट चालू असतात. पण दुपारनंतर हलीमच्या (गहू, डाळ आणि मटण घोटून केलेला दाट पदार्थ) भट्ट्यांभोवती रांगा लागायला लागतात, आणि ज्यांना हलीम खायचंय त्यांना दुसरा महिना चालणारच नाही. हैदराबादी हलीमला भौगोलिक मानांकन आहे, २०१० पासून. त्यासाठी गेलात तर परतीचं विमान जरा उशिराचं घ्या.

पिशवी, आणि पिशवीत काय नको

केबिनमध्ये सात किलोची एक बॅग चालते. तुम्हाला दोन किलोसुद्धा लागणार नाही. पाठीवरची छोटी सॅक घ्या: रिकामी पाण्याची बाटली (तपासणीनंतर भरून घेता येते), टोपी, गोळ्या, पॉवर बँक, चार्जर, येताना बिस्किटं भरायला एक घडीची कापडी पिशवी. शिवाय एक जास्तीचा टी-शर्ट आणि ब्रश. परतीचं विमान रद्द झालंच तर हे दोन जिन्नस सोन्याच्या मोलाचे. आत चेक-इनला काहीही द्यायचं नाही. बॅग दिली की जाताना काउंटरची रांग आणि उतरल्यावर पट्ट्यासमोर ताटकळणं, दोन्ही आलं.

खायचं घरून न्या. पोळी-भाजीचा डबा, धपाटे, शेंगदाण्याची कोरडी चटणी, काही अडत नाही. विमानतळावरच्या कॉफीच्या भावात हैदराबादेत दोघांचा नाश्ता होतो. सुकं खोबरं मात्र नेऊ नका. त्यात तेल असल्यामुळे ते ज्वालाग्राही धरतात आणि काढून ठेवायला लावतात. देवळातून मिळालेली खोबऱ्याची वाटी सॅकच्या तळाशी राहून गेल्यामुळे माझ्यापुढच्या काकूंना अख्खी पिशवी टेबलावर रिकामी करावी लागली होती. प्रसाद टाकायचा कसा, आणि न टाकता जायचं कसं! लायटरही घरीच ठेवा.

पहाटे विमानतळावर

या सहलीतला लपलेला खर्च म्हणजे पहाटेची टॅक्सी. सहाच्या विमानासाठी साडेचारला पोचायचं, त्या वेळी लोकल नुकत्या कुठे सुरू होत असतात आणि मेट्रो ३ तर सुरूच झालेली नसते. लांब उपनगरात राहणाऱ्याला टॅक्सीला जे मोजावं लागतं तेवढ्यात हैदराबादेतला अख्खा दिवस निघतो. अंधेरी-पार्ल्यात कुणी नातेवाईक असतील तर आदल्या रात्री त्यांच्याकडे जेवायला जा. मी हे केलेलं आहे, आणि मावशीला अजून वाटतं की मी तिला भेटायला आलो होतो. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहूनही विमानं सुटू लागली आहेत. पनवेल-बेलापूरकडच्यांनी आधी तिथलं बघावं. पण तिकिटावर विमानतळ आणि टर्मिनल दोन्ही नीट वाचा, जाण्याचं एकीकडून आणि येण्याचं दुसरीकडे असं होऊन बसलं तर पंचाईत.

पहिल्यांदाच विमानात बसणार असाल तर क्रम असा. घरूनच वेब चेक-इन करून बोर्डिंग पास फोनमध्ये उतरवून ठेवा, त्याचा स्क्रीनशॉटही काढा, ऐन वेळी नेट जातं. दारावर सीआयएसएफचा जवान ओळखपत्र आणि तिकीट बघतो. दोन्हींवरचं नाव जुळायला हवं. डिजियात्रा अ‍ॅपवर नोंदणी केली असेल तर चेहरा दाखवून आत जाता येतं. ही सोय मुंबईलाही आहे आणि हैदराबादलाही. आत गेल्यावर बॅग द्यायची नाही म्हणून काउंटरकडे वळायचंच नाही, सरळ सुरक्षा तपासणी. फोन, पाकीट, पट्टा, पॉवर बँक ट्रेमध्ये. घाईत ट्रे एकमेकांत मिसळतात, तेव्हा आपला फोन उचलल्याशिवाय तिथून हलू नका. मग फलकावर गेट नंबर बघा, आणि अर्ध्या तासाने पुन्हा बघा, कारण तो बदलतो. देशांतर्गत विमानाचं गेट सुटण्याच्या वेळेआधी साधारण पंचवीस मिनिटं बंद होतं. तिकिटावरची वेळ विमान हलण्याची असते. ती एसटी नव्हे, कंडक्टरला हात करून थांबवता येत नाही.

शमशाबाद ते शहर

हैदराबादचा विमानतळ २००८ साली बेगमपेठेतून शहराबाहेर शमशाबादला गेला. शहर तिथून चोवीस-पंचवीस किलोमीटर, आणि मेट्रो अजून तिथपर्यंत पोचलेली नाही. बाहेर पडल्यावर टॅक्सीवाले आवाज देतील, त्यांच्या पुढे 'पुष्पक' नावाच्या सरकारी वातानुकूलित बस उभ्या असतात. टॅक्सीच्या निम्म्याहून कमी पैशात शहरात नेतात. वेगवेगळ्या मार्गांच्या असतात, म्हणून चढण्याआधी कंडक्टरला विचारा: मेहदीपट्टणमला उतरता येईल का? तिथून गोवळकोंडा रिक्षाने जवळ आहे. तिघं-चौघं असाल तर मात्र सरळ टॅक्सी करा, माणशी हिशेब बसच्या जवळपास येतो आणि वेळ वाचतो.

आता तास मोजा. साडेसातला विमान टेकलं, पावणेआठला बाहेर, नऊच्या आसपास किल्ल्याच्या दारात. परतीचं विमान साडेनऊचं, म्हणजे आठपर्यंत विमानतळावर. संध्याकाळच्या गर्दीत शहरातून दीड तास धरा. म्हणजे साडेसहाला जुनं शहर सोडायचं. हातात नऊ-साडेनऊ तास. यात रामोजी फिल्म सिटी बसत नाही, तो वेगळ्या दिवसाचा विषय. हुसेनसागर तलावातला बुद्धाचा पुतळाही सोडून द्या. नऊ तासांत सगळं शहर बघायला निघालात तर फक्त रिक्षाची मागची सीट बघून याल.

नऊ ते साडेदहा: गोवळकोंडा

किल्ला उघडताच पोचण्यात मजा आहे, कारण तेव्हा शांतता असते आणि शांततेचंच तिथे काम आहे. फतेह दरवाजाच्या घुमटाखाली एका ठरावीक जागी उभं राहून टाळी वाजवली की ती वर बालाहिसारला, म्हणजे किल्ल्याच्या माथ्यावर, ऐकू येते. गर्दी झाली की पन्नास जण एकदम टाळ्या पिटतात आणि कुणाची कुठे गेली काही कळत नाही. आम्ही दोघं होतो. मित्र खाली थांबला, मी साडेतीनशेच्या वर पायऱ्या चढून धापा टाकत वर गेलो आणि त्याला फोन केला. "वाजव." एक क्षण काहीच नाही. मग वाळलेली काडी मोडावी तसा बारीक, कोरडा आवाज. शत्रू आला की खालून वर कळावं म्हणून केलेली ही सोय, असं सांगतात. मी फोनवर "आली" म्हटलं आणि दोघंही उगाच हसलो.

कुतुबशाहीचा हा किल्ला १६८७ साली आठ महिन्यांच्या वेढ्यानंतर औरंगजेबाच्या हाती पडला. शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह कैदेत कुठे गेला? आपल्या दौलताबादला. तिथेच वारला आणि खुलताबादेत त्याला पुरलं. किल्ल्याजवळ सगळ्या कुतुबशाही सुलतानांच्या देखण्या कबरी आहेत, हा एक तिथे नाही. दहा वर्षं आधी, १६७७ मध्ये, दक्षिणेच्या मोहिमेवर निघालेले शिवाजी महाराज याच अबुल हसनला हैदराबादेत भेटले होते. कबरींचा परिसर सुंदर आहे, पण तिथे गेलात तर पुढचं घड्याळ चुकेल. काय ते ठरवा.

बाराच्या ठोक्याला

साडेदहाला किल्ला सोडा आणि रिक्षाने सालारजंग गाठा. गर्दी मिळाली तर पाऊण तास लागतो. मीर युसुफ अली खान, म्हणजे तिसरा सालारजंग, या माणसाने जन्मभर वस्तू जमवल्या आणि त्याच्या मागे १९५१ मध्ये हे संग्रहालय उघडलं. सगळं बघायला दोन दिवस लागतील, तुम्ही दोन गोष्टी बघा. पहिली बुरख्यातली रिबेका: बेंझोनी या इटालियन शिल्पकाराने १८७६ मध्ये घडवलेली. संगमरवरातून चेहऱ्यावरचं पातळ ओलं वस्त्र दिसतं आणि वस्त्रातून चेहरा दिसतो. हात लावून बघावासा वाटतो, लावू नका.

दुसरं ते घड्याळ. बाराला दहा कमी असताना चौकात जाऊन बाक पकडा. दर तासाला घड्याळातलं छोटं दार उघडून एक दाढीवाला बाहुला बाहेर येतो, घंटेवर ठोके देतो आणि आत जातो. बाजूला एक लोहार सेकंदासेकंदाला घण घालत असतो. बारा वाजता गेलात तर बारा ठोके मिळतात, एकला गेलात तर एकच. माझ्या बाजूला एक आजोबा नातवाला मांडीवर घेऊन मोठ्याने मोजत होते. बाराव्या ठोक्याला सगळ्या चौकाने टाळ्या वाजवल्या.

जेवण, आणि भाषेची गंमत

इथून चारमिनार दीडेक किलोमीटर. वाटेतच घासीबाजारच्या बाजूला शादाब हॉटेल आहे. दीडला रांग असते, पण ती सरकते. एक बिर्याणी दोघांना पुरते, हे वेटरच सांगतो. वर गोड म्हणून डबल का मीठा (पावाचा) किंवा खुबानी का मीठा (जर्दाळूचा), दोन्ही नको, पुढे चालायचंय. शाकाहारी असाल तरी उपाशी राहणार नाही, इडली-डोशाच्या गाड्या आणि मिरचीची भजी जागोजागी.

कान उघडे ठेवा. "और लेंगे?" "नक्को." हा दखनीतला, म्हणजे इथल्या उर्दू बोलीतला, 'नक्को' आपल्याच 'नको'कडून आलेला. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचा भाग होता, त्यामुळे नांदेड-परभणीकडच्या माणसाला ही बोली परकी वाटत नाही. मुंबईकराला जरा वेळ लागतो. 'परसों' या शब्दावर मात्र विसंबू नका. हैदराबादेत तो गेल्या आठवड्यापासून गेल्या वर्षापर्यंत कशालाही लागतो.

जेवणानंतर चौमहल्ला. निजामांचा दरबार हॉल, बेल्जियमच्या काचेची झुंबरं आणि मागे जुन्या गाड्या. तासाभरात होतं. पाय दुखत असतील तर हे गाळा, मी रागावणार नाही. १५९१ साली बांधलेला चारमिनार खालून, चारी बाजूंनी बघा. संध्याकाळच्या उन्हात त्याचा चुना मधाच्या रंगाचा होतो. शेजारच्या लाड बाजारात लाखेच्या बांगड्या आहेत. सांगितलेल्या भावाच्या निम्म्यापासून बोलायला सुरुवात करा आणि 'नक्को' म्हणून दोन पावलं पुढे जा, बहुतेक वेळा मागून हाक येते.

साडेपाचला निमरा कॅफेमध्ये चहा. मक्का मशिदीच्या बाजूला, उभ्यानेच प्यायचा. इराणी चहा दाट, गोड, आणि त्यासोबत उस्मानिया बिस्किटं, एकाच वेळी किंचित खारट आणि गोड. गरम ट्रे आतून येतो तेव्हा तिथे कोपर मारून जागा करावी लागते. घरी न्यायची बिस्किटं इथूनच घ्या, कापडी पिशवी आठवते ना?

परत

साडेसहाला निघाच. "अजून पंधरा मिनिटं" हे वाक्य सहप्रवाशाच्या तोंडून येणारच, ऐकू नका. या वेळी टॅक्सी करा, बसची वाट बघण्यात जीव टांगणीला लावू नका. बिर्याणीचं पार्सल विमानात चालतं, पण सोबतचा रस्सा, म्हणजे सालन, पातळ असतं आणि तपासणीत अडकू शकतं. ते हॉटेलातच संपवा.

विमानाला उशीर झाला तर नुसते चिडू नका, हक्क माहीत असू द्या. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाचं विमान दोन तास किंवा जास्त रखडलं तर विमानतळावर थांबलेल्यांना खाणंपिणं देणं कंपनीवर बंधनकारक आहे. विमान रद्द झालं तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, यातलं काय हवं ते तुम्ही निवडायचं. काउंटरवर रांग लावतानाच अ‍ॅपवरूनही बदल करून बघा, अ‍ॅप बरेचदा लवकर उरकतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊची मीटिंग ठेवू नका.

मुंबईत अकराच्या सुमारास उतरलात की मेट्रो जवळपास संपलेली असते, तेव्हा रिक्षाची रांग. माझ्यापुढे एकजण भलीमोठी बॅग ओढत होता. माझ्या पाठीवरची सॅक बघून म्हणाला, "तुमचं सामान राहिलं का आत?" मी म्हटलं, नाही, एवढंच होतं. सॅकमधून बिर्याणीचा वास येत होता, त्यामुळे बाकीचं सांगावं लागलं नाही.